प्रधानकीचीं वस्त्रें

झरी जामणीकडील एका वाचक कुटुंबांतून आम्हांस एक पत्र आलें आहे. पत्र घरांतील आजोबांच्या हातचें असलें तरी प्रश्न त्यांच्या नातीचा आहे. तिच्या इतिहासाच्या पुस्तकांत 'पेशवा म्हणजे राजाचा मुख्य प्रधान' असें एके ठिकाणीं सांगितलें आहे, आणि त्यानंतर पानांमागून पानें पेशवेच मोहिमा काढतात, पेशवेच तह करतात, पेशवेच सरंजाम वांटतात. राजा म्हणून कोणी होता याची आठवणसुद्धां पुस्तकास राहत नाहीं. "सगळें प्रधानच करीत होता, तर राजा काय करीत होता?" असें तिनें विचारिलें. आजोबांनीं आपल्या परीनें समजूत घातली, पण त्यांचें त्यांनाच समाधान झालें नाहीं. हिमालयांतल्या नेपाळ राज्यांतही शंभर वर्षें असाच कांहीं प्रकार चालला होता असें त्यांच्या वाचण्यांत आलें असून, दोहोंचा मेळ घालून या सदरांत चार शब्द लिहावेत, अशी त्यांची सूचना आहे.

प्रश्न मुलीचा असला तरी पोरकट नव्हे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पेशवाईचा विषय निघाला म्हणजे पालखेड निघतें, अटक निघतें, थेऊरच्या रमाबाईंची गोष्ट निघते; सातारची गोष्ट मात्र निघत नाहीं. निघालीच तर 'पेशव्यांनीं शेवटपर्यंत छत्रपतींकडूनच वस्त्रें घेतलीं' एवढ्या एका वाक्यांत तिची बोळवण होते. तें वाक्य खोटें नाहीं. पण त्या वस्त्रांची घडी थोडी उलगडून पाहिली, तर तें वाटतें तितकें निरागसही नाहीं.

शिवछत्रपतींनीं १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांची जी व्यवस्था लावून दिली, तींत मोरोपंत पिंगळे हे मुख्य प्रधान होते. पदें चाकरीचीं असावीं, वतनाचीं नसावीं, प्रधानास वेतन मिळावें, मुलूख तोडून मिळूं नये, असा महाराजांचा कटाक्ष होता. त्यांच्या मागें तो टिकला नाहीं. मोरोपंतांच्या मागून त्यांचे चिरंजीव निळोपंत प्रधान झाले, आणि पुढें शाहू महाराजांच्या पदरीं बहिरोपंत पिंगळे होते तेही त्याच घराण्यांतले. तेव्हां प्रधानकी घराण्यांत मुरविण्याचा दोष एकट्या भट घराण्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. भटांनीं वाट पाडली नाहीं, पडलेल्या वाटेचा हमरस्ता केला.

१७१३ सालीं बहिरोपंत कान्होजी आंग्र्यांच्या कैदेंत सांपडले, तेव्हां शाहू महाराजांनीं बाळाजी विश्वनाथांस मांजरी येथें पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. बाळाजीपंतांनीं आंग्र्यांस लढून नव्हे, बोलून महाराजांच्या पक्षांत आणिलें. १७१९ सालीं दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणिल्या. आणि १७२० सालीं ते वारले. त्यांचे चिरंजीव बाजीराव त्या वेळीं अवघे एकोणीस वर्षांचे. श्रीपतराव प्रतिनिधींसारख्या जुन्या मुत्सद्द्यांस ही निवड पसंत नव्हती. तरी महाराजांनीं मसूर येथें बाजीरावांसच वस्त्रें दिलीं. ती निवड महाराजांची होती, आणि ती किती अचूक होती हें पुढील वीस वर्षांनीं दाखविलें.

येथपर्यंत वस्त्रें खरीं होतीं असें आम्ही म्हणतों, कारण देणारा तीं देऊं शकत होता आणि न देऊंही शकत होता. बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांस शाहू महाराजांनीं १७४७ च्या सुमारास कांहीं काळ पेशवेपदावरून दूर केलें होतें आणि मग पुन्हां नेमिलें होतें, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत क्वचितच सांपडते. आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते. ज्यास काढतां येतें त्यासच नेमिलें असें म्हणतां येतें.

१५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज वारले आणि तें काढण्याचें सामर्थ्य त्यांच्याबरोबर गेलें. त्यांच्या मागून ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणिलेले रामराजे गादीवर बसले. १७५० सालीं सांगोल्यास ठराव होऊन राज्यकारभाराचीं सूत्रें पेशव्यांकडे गेलीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनीं रामराजांस सातारच्या किल्ल्यावर कैदेंत टाकिलें. म्हणजे कुलूप लाविलें तें पेशव्यांनीं नव्हे. पण १७६१ सालीं ताराबाई वारल्यावर तें कुलूप काढण्यास कोणाची हरकत होती? थोरल्या माधवरावांनीं राजांस किल्ल्यावरून शहरांत राहूं दिलें, त्यांची राहणी सुधारली, मान राखला. हुकमत परत दिली नाहीं. माधवरावांएवढा न्यायी पुरुष त्या गादीवर दुसरा झाला नाहीं, तेथें ही गोष्ट घडली, म्हणून ती अधिक लागते. त्यांच्या मागून तर पहारा पुन्हां कडक झाला. १७९८ सालीं दुसऱ्या शाहू महाराजांनीं सातारा ताब्यांत घेऊन मोकळें होण्याची खटपट केली, ती परशुरामभाऊ पटवर्धनांनीं मोडून काढिली. महाराजांचे बंधू चतुरसिंग निसटले, पुष्कळ वर्षें वणवण करीत राहिले, आणि अखेरीस पेशव्यांच्याच कैदेंत वारले. "राजा काय करीत होता?" याचें खरें उत्तर हें आहे, आणि तें मुलांपासून लपविण्यांत पेशव्यांचा मान वाढतो असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां नवल असें कीं, राजाचें बळ जसजसें कमी झालें तसतशी वस्त्रांची गरज वाढत गेली. १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाल्यावर रघुनाथरावांस सातारहून वस्त्रें आलीं. पुढच्याच वर्षीं पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव जन्मले, त्यांच्यासाठीं त्याच सातारहून पुन्हां वस्त्रें आलीं. मुख्य प्रधानाचें वय चाळीस दिवसांचें होतें. १७९६ सालीं तर एकाच वर्षांत आधीं चिमाजीअप्पांस व मग त्यांचे वडील बंधू दुसरे बाजीराव यांस वस्त्रें मिळालीं. पुणें ज्याच्या हातीं, वस्त्रें त्याला, असा शिरस्ता पडला. तरी वस्त्रांवांचून एकाचेंही भागलें नाहीं. १७९२ सालीं महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठीं वकील-इ-मुतलकीचा मरातब घेऊन पुण्यास आले, तेव्हां तो स्वीकारण्यापूर्वीं छत्रपतींची संमति आणवावी लागली. ज्यास साताऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नाहीं, त्याची संमति! वऱ्हाड-नागपूरच्या भोसल्यांचेंही तसेंच. रघूजी भोसल्यांस सेनासाहेबसुभा हें पद शाहू महाराजांनीं दिलें होतें. त्यांच्या मागें जानोजी आणि मुधोजी या भावांत तंटा लागला, तेव्हां जानोजींस सेनासाहेबसुभ्याचीं आणि मुधोजींस सेनाधुरंधराचीं वस्त्रें मिळालीं तीं छत्रपतींच्या नांवानें, पण पुण्याच्या मध्यस्थीनें. चांद्याचा मुलूख मुधोजींकडे आला तो याच वांटणींत.

पेशव्यांस गादी कां घेतां आली नाहीं? शक्ति नव्हती असें नाहीं. पण भोसल्यांपासून पटवर्धनांपर्यंत सर्व सरदार छत्रपतींचे चाकर म्हणून पेशव्यांच्या बरोबरीचे होते; छत्रपति नाहींसे झाले असते तर पेशव्याची आज्ञा कोणीं कां मानावी, या प्रश्नास उत्तर राहिलें नसतें. एकत्र कुटुंबांत धाकटा कर्ता झाला तरी तो थोरल्यांच्या नांवानेंच व्यवहार करतो. त्या नांवावरच भाऊबंद गप्प बसतात. पेशव्यांच्या शिक्क्यावर शेवटपर्यंत छत्रपतींचेंच नांव आधीं आणि आपलें नांव 'मुख्य प्रधान' म्हणून मागून, तें निव्वळ विनयापोटीं नव्हतें.

आतां नेपाळकडे वळूं. पृथ्वीनारायण शहा या गुरख्यांच्या राजानें १७६८-६९ मध्यें काठमांडूचें खोरें जिंकून तें राज्य मोठें केलें. म्हणजे आमच्याकडे थोरले माधवराव पेशवे होते त्या सुमाराची ही गोष्ट. त्याच्या वंशांत पुढें एकामागून एक अल्पवयी राजे आले. राजा लहान असला कीं राण्या आणि कारभारी यांचें फावतें, हें जगांत सर्वत्र सारखेंच. भीमसेन थापा हा १८०६ पासून १८३७ पर्यंत 'मुख्तियार' म्हणून राज्य चालवीत होता. अखेर त्याला पदच्युत करून तुरुंगांत टाकिलें आणि १८३९ सालीं तेथेंच त्यानें आत्महत्या केली. त्याचा पुतण्या माथवरसिंग थापा कांहीं वर्षांनीं प्रधान झाला, त्याला १८४५ सालीं राजवाड्यांत गोळी घातली. घालणारा त्याचा सख्खा भाचा जंगबहादूर कुंवर. याच जंगबहादुरानें १४ सप्टेंबर १८४६ च्या रात्रीं 'कोत' म्हणजे शस्त्रागाराच्या चौकांत जमलेल्या सरदारांची कत्तल उडवून सकाळीं प्रधानकी हातीं घेतली. त्या वेळीं तो एकोणतीस वर्षांचा होता. पुढल्या वर्षीं राजा राजेंद्रास काढून युवराज सुरेंद्रास गादीवर बसविण्यांत आलें, आणि कुंवरांचे 'राणा' झाले.

जंगबहादूर धूर्त होता यांत शंका नाहीं. १८५० सालीं तो समुद्र ओलांडून इंग्लंड-फ्रान्सला जाऊन आला, १८५४ सालीं त्यानें 'मुलुकी ऐन' नांवाचा लेखी कायदा केला. परंतु त्याची खरी करामत १८५६ ची. त्या सालीं त्यानें राजाकडून लाल मोहरेची सनद करून घेतली. तिनें तो कास्की व लमजुंग या प्रांतांचा 'महाराज' झाला, प्रधानकी त्याच्या घराण्यांत वंशपरंपरा झाली, आणि राजा आडमार्गाला गेल्यास त्याला आवरण्याचाही अधिकार प्रधानास मिळाला. राजाच्या नांवामागें पांच श्री, प्रधानाच्या नांवामागें तीन. लोक राजास 'श्री ५' आणि प्रधानास 'श्री ३' म्हणूं लागले. पांच श्री वाड्यांत बसत, तीन श्री राज्य करीत. वस्त्रांची जी गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पिढीस नव्यानें करावी लागे, ती तेथें एकदांच कागदावर उतरवून घेतली गेली.

दोहोंत आणखी दोन मोठे भेद आहेत. एक सोयरिकीचा. पेशवे ब्राह्मण, छत्रपति क्षत्रिय. त्यामुळें पेशव्याची मुलगी सातारच्या राणीवशांत जाण्याचा प्रश्नच नव्हता. राण्यांस ती अडचण नव्हती. जंगबहादुरानें आपल्या मुली युवराजाला दिल्या आणि १८८१ सालीं गादीवर आलेला पृथ्वीवीरविक्रम हा त्याचा दौहित्र होता. नातवाच्या घरीं आजोळचाच पहारा.

दुसरा भेद वारशाचा, आणि येथें आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांनीं अंमळ थांबावें. पुण्यास प्रधानकी बापाकडून मुलाकडे जाई. नेपाळांत ती भावाकडून भावाकडे, मग पुढल्या पिढींतील वडिलकीच्या क्रमानें जावी असें ठरलें. कागदावर राण्यांची रीत शहाणपणाची दिसते, कारण चाळीस दिवसांचा प्रधान तींत होऊं शकत नाहीं. पण तिनें घरांत दुसरेंच विष कालविलें. ज्याचा क्रम मागें, त्याच्या दृष्टीनें पुढचा प्रत्येक काका आणि चुलतभाऊ हा जिवंत अडथळा. जंगबहादुराच्या मागून त्याचा भाऊ रणोद्दीपसिंग प्रधान झाला, त्याचा १८८५ सालीं सख्ख्या पुतण्यांनीं खून केला. त्यांपैकीं वीरशमशेर प्रधान झाला. त्याच्या मागून देवशमशेर १९०१ सालीं आला. त्यानें शाळा काढण्याचा उत्साह दाखविला आणि चार महिने पुरे होण्याच्या आंत भावांनींच त्याला हांकलून दिलें. पुढें तर आईच्या जातकुळीवरून राणा मुलांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. १९३४ सालीं जुद्धशमशेरानें क वर्गांतल्यांचीं नांवें वारसांच्या यादींतून कमी केलीं. पैसा आहे, शिक्षण आहे, अपमानही आहे, अशा त्या भाऊबंदांतले सुवर्णशमशेर व महावीरशमशेर पुढें राणाशाही उलथून टाकणाऱ्यांस जाऊन मिळाले.

राण्यांच्या खात्यावर जमेची बाजू नाहीं असें नाहीं. चंद्रशमशेरानें १९२० सालीं सती बंद केली, १९२४-२५ मध्यें गुलाम मोकळे करविले, १९१८ सालीं त्रिचंद्र कॉलेज काढिलें. पण राज्याचा वसूल आणि घरचा पैसा यांत त्या घराण्यानें भिंत ठेविली नाहीं. थोरले बाजीराव कर्जांत वारले आणि माधवरावांस मरतेवेळीं त्या कर्जाच्या फेडीची काळजी होती. राण्यांनीं सिंहदरबारासारखे वाडे उठविले. दोघांस एका मापानें मोजूं नये एवढेंच आमचें म्हणणें. राजास बंदींत ठेवण्याच्या बाबतींत मात्र माप एकच लावावें लागतें.

कारण दोन्ही ठिकाणीं शेवट त्याच दारानें आंत आला. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई हरून दुसरे बाजीराव पुण्याबाहेर पडले, तेव्हां प्रतापसिंह महाराजांस आपल्याबरोबर घेऊन फिरत होते. शत्रूच्या हातीं राजा लागला तर प्रधानकी संपली, हें ते ओळखून होते. एल्फिन्स्टनही ओळखून होता. १८१८ च्या फेब्रुवारींत त्यानें जाहीरनामा काढून पेशव्याचें घराणें बरखास्त आणि सातारचा राजा पुन्हां स्थापिला जाईल असें सांगून टाकिलें. त्याच महिन्यांत आष्टीस बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले. आले म्हणण्यापेक्षां सुटले म्हणावें काय? त्यांच्या मनांत त्या दिवशीं काय आलें असेल याचा विचार पेशवाईच्या अभिमान्यांनींही एकदां करून पाहावा.

एप्रिलांत प्रतापसिंह सातारच्या गादीवर बसले. आणि त्याच एप्रिलांत, १७ तारखेस, झरी जामणीच्या शेजारच्या मुलखांत, पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल ॲडम्सनें बाजीरावांस गांठलें. चांद्याकडे जाऊन नागपूरकर अप्पासाहेबांशीं हात मिळवावा असा त्यांचा बेत होता. तो तेथेंच मोडला. फौज फुटली, बाजीराव घोड्यावरून निसटले, आणि ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन झाले. आठ लाखांच्या तनख्यावर त्यांस ब्रह्मावर्तास पाठविण्यांत आलें. पत्र लिहिणाऱ्या आजोबांनीं नातीला एकदां शिवणीच्या त्या माळावर न्यावें. शंभर वर्षें चाललेली प्रधानकी जेथें खऱ्या अर्थानें विस्कटली तें ठिकाण त्यांच्या घरापासून फार दूर नाहीं.

मोकळे झालेले प्रतापसिंह राज्य करण्यास नालायक निघाले असते तर पेशव्यांच्या पहाऱ्यास कांहीं तरी समर्थन मिळालें असतें. तसें झालें नाहीं. त्यांनीं रोजनिशी ठेविली, शाळा घातल्या, सातारा शहरास पाणी आणिलें. १८३९ सालीं इंग्रजांनीं फितुरीचा आरोप ठेवून त्यांस काशीस पाठविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी लंडनांत वर्षानुवर्षें झगडले. १८४७ सालीं महाराज वारले आणि १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें.

नेपाळांत तोच डांव १९५० सालीं पडला. नोव्हेंबरच्या ६ तारखेस राजे त्रिभुवन कुटुंबासह फिरावयास म्हणून निघाले आणि मोटार भारतीय वकिलातींत शिरली. मागें राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवास, ज्ञानेंद्रास, मोहनशमशेरानें लगोलग गादीवर बसविलें; परंतु भारतानें त्या बाळराजास मान्यता दिली नाहीं. १८ फेब्रुवारी १९५१ रोजीं राणाशाही संपल्याचें राजाच्या तोंडून जाहीर झालें, आणि नोव्हेंबरांत मातृकाप्रसाद कोइराला हे राणा घराण्याबाहेरचे पंतप्रधान झाले. पुढला भाग थोडक्यांत सांगतों: त्रिभुवनांचे पुत्र महेंद्र यांनीं लोकांनीं निवडलेल्या विश्वेश्वरप्रसाद कोइरालांस डिसेंबर १९६० मध्यें पदावरून काढून कैद केलें. काल प्रधानानें राजास कोंडलें, आज राजानें प्रधानास. १९९० सालीं घटनेनें दोघांच्या मर्यादा आंखून दिल्या आणि २००८ सालीं तेथील राजपदच गेलें.

या दोन प्रधानक्यांची एकदां गांठ पडली होती. १८५७ च्या जुलैंत बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनीं आपण पेशवे झाल्याचें जाहीर केलें, तेव्हां वस्त्रें पाठवावयास साताऱ्यास गादी उरली नव्हती. राजावांचूनचा असा हा पहिलाच पेशवा. पराभवानंतर ते, त्यांचे बंधू आणि लखनौची बेगम हजरत महल नेपाळच्या तराईंत शिरले. तेथें गांठ होती जंगबहादुराशीं. त्यानें इंग्रजांच्या मदतीस लखनौपर्यंत फौज नेली होती, आणि त्याबद्दल तराईचा गमावलेला मुलूख त्यास १८६० सालीं परत मिळावयाचा होता. बेगमेस आणि पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांस त्यानें काठमांडूंत राहूं दिलें. पुरुषांस नाहीं. १८५९ च्या पावसाळ्याअखेर तराईच्या हिंवतापानें नानासाहेब वारल्याची बातमी आली. इंग्रजांचा तिच्यावर विश्वास बसला नाहीं, आणि पंधरा वर्षांनींही ग्वाल्हेरीस एका माणसास नानासाहेब समजून त्यांनीं पकडलें होतें. तो नानासाहेब नव्हता.